थंड असताना सगळेच बराबर

"थंड असताना सगळेच बराबर असतात, बाई."

असं म्हणून काका गाडीच्या बॉनेटवर उलटा हात ठेवायचे, लेकराचा ताप बघावा तसा. मी शाळेत शिकवते म्हणून ते मला 'बाई' म्हणत. गल्लीतल्या लहानथोरांचे ते काका, म्हणून माझेही काकाच.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या घराचा पत्ता त्याच्या गाडीवरून सांगतात. जालन्यात आमच्या गल्लीत तो मान काकांचा. कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. काकूंना एसटीचे धक्के नकोत, एवढंच कारण. गाडी सकाळी अर्ध्या चावीत सुरू व्हायची. पण चालून तापली आणि एकदा बंद केली, की संपलं. सेल्फ नुसता फिरत राहायचा, इंजिन काही पकडायचं नाही. मग घटकाभर सावलीत उभी राहिली, की जणू काही झालंच नव्हतं अशी सुरू.

यावर काकांनी स्वतःच उपाय काढला होता: बंदच करायची नाही. राजूरच्या गणपतीला गेले, की आधी काकू दर्शन घेऊन यायच्या आणि काका सुरू गाडीत बसून राहायचे. मग काकू गाडी राखायच्या आणि काका लगबगीने आत जायचे. गणपतीला हे जोडपं कधी एकत्र दिसलंच नसेल, असं आम्ही चिडवायचो.

"त्याला समजतंय की, दोघं एकाच घरचे हाईत म्हणून," काका म्हणायचे.

मिस्त्री तर किती झाले! पण गॅरेजात नंबर लागेपर्यंत गाडी गार व्हायची, आणि मिस्त्रीने चावी फिरवली की गुमान सुरू. "काका, हिला काहीबी झालेलं न्हाई," प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं. काका वाद घालायचे नाहीत. बॉनेटवर हात ठेवून आपलं वाक्य म्हणायचे आणि गाडी घरी आणायचे.

त्याच सुमाराला काकूंचं सुरू झालं. कपडे वाळत घालायला गच्चीचा जिना चढल्या, की छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं व्हायचं, दरदरून घाम फुटायचा. पायरीवर बसलं की ओसरायचं. दवाखान्यात पाळी येईपर्यंत त्या बाकावर बसलेल्या असायच्या आणि डॉक्टरांसमोर जाईस्तोवर चेहरा अगदी ताजातवाना. कार्डिओग्रामही चांगला आला. पित्ताच्या गोळ्या घेऊन दोघं परत यायची.

"उगंच खर्चा लावून राह्यले मी ह्यांना," काकू ओशाळून म्हणायच्या. काकांचं जेवण मात्र कमी झालं होतं. त्यांना बायकोची भीती वाटत होती, म्हणजे ती जाईल याची. ते त्यांच्या तोंडावर दिसायचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तीर्थपुरीला त्यांच्या भावाकडे वास्तुशांत होती. मीही सोबत निघाले. वडीगोद्रीला रस्त्यालगत एक गॅरेज दिसलं आणि काकांनी सवयीने गाडी तिकडे वळवली. तिथल्या मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं आणि बॉनेट उघडलंच नाही.

"काका, बंद करू नका. अजून एक चक्कर मारून या, चांगली तापू द्या. अन् मंग इथं, माझ्यासमोर बंद करा."

आम्ही चक्कर मारून आलो. काकांनी चावी फिरवली. बंद. पुन्हा फिरवली. सेल्फ फिरतोय, गाडी घेत नाही. मिस्त्री खूश, काका खूश. गाडी सुरू होत नाही याचा एवढा आनंद झालेली माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती. मिस्त्रीने वाकून इंजिनाच्या खालच्या अंगाला हात घातला आणि तिथल्या एका सेन्सरवर ओलं फडकं धरलं. ते पुन्हा पुन्हा भिजवत थोडा वेळ धरून ठेवलं. "मारा आता." गाडी सुरू!

"हे तापलं की काम सोडून देतंय. थंड असल्यावर तुम्हाला कुनालाच दिसलं नसतं."

सेन्सर बदलून आम्ही निघालो. काका आनंदाने बडबड करतील असं मला वाटलं होतं. पण ते आरशातून मागे बसलेल्या काकूंकडे बघत होते. तीर्थपुरी जवळ आल्यावर हळूच म्हणाले, "बाई, आपण हिलाबी दर खेपेला थंड करूनच नेलं की हो."

परत आल्यावर ते काकूंना घेऊन डॉक्टरांकडे गेले. काकूंनी आग्रह केला म्हणून मीही होते. काका हात जोडून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बसलेल्या मानसात काही सापडत न्हाई. हिला चालवून बघा." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. जिना चढल्यावर नेमकं काय होतं, हे त्यांनी काकूंकडून पुन्हा पहिल्यापासून ऐकलं आणि त्याच दिवशी संभाजीनगरला पाठवलं. तिथे चालत्या पट्ट्यावर काकू चालायला लागल्या. काका दाराशी काकूंच्या चपला हातात धरून उभे होते. थोड्याच वेळात पट्टा थांबवला गेला. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद होती. आणखी उशीर झाला असता तर, असं म्हणून तिथले डॉक्टर थांबले.

काकू बऱ्या झाल्या. मग आम्ही राजूरला गेलो. काकांनी गाडी बंद केली, चावी खिशात टाकली आणि दोघं जोडीने आत गेली. मी बाहेर उभी राहून रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. परत आल्यावर पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली.

काकूंना कसली काळजी करू देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते काकांनी फारच मनावर घेतलं. रोज सकाळी फिरून येताना ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या बाकावर बसायचे. त्यांना गप्पांची हौस आहे, असंच आम्ही समजत होतो. एका सकाळी ते त्या बाकावरून उठले नाहीत.

दुकानदार दिवसकार्य झाल्यावर भेटायला आला आणि दारातच रडायला लागला. "काकू, ते रोज छाती धरूनच यायचे. घाम पुसायचे. घरी सांगू नको म्हणायचे, आत्ता बराबर होतंय. घाम वाळला की मंगच घरी जायचे."

काकूंनी अंगणातल्या गाडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला चालवून दाखवलं. अन् स्वतः रोज थंड होऊन घरात आले."

गाडी अजून अंगणात आहे. काकू ती विकू देत नाहीत. मी शाळेतून येताना उन्हातून चालत त्यांच्याकडे जाते, तेव्हा त्या मला लगेच आत घेत नाहीत, पाणी देत नाहीत, खुर्चीही पुढे करत नाहीत. दारातच उभं करतात.

"थांब, बसू नको. आधी सांग, दम लागला का? छातीत काही होतंय का?"

मग माझ्या कपाळावर उलटा हात ठेवतात, माझ्या तोंडाकडे नीट बघतात आणि म्हणतात, "हां. आता बस."