बोर्डावरचा उजवा खाना

मी जळकी बाई आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं उगाच कुणाला माझी कीव यायला नको. जळायचे ते आमच्या थोरल्या बाईंवर, म्हणजे माझ्या मोठ्या जावेवर. तेलगाव-सिरसाळा रस्त्यापासून आत असलेल्या या गावात मी लग्न होऊन आले, तेव्हा माझ्याकडे कॉम्प्युटरची पदवी होती आणि विद्यापीठात संशोधनाला नाव घातलेलं होतं. त्यांच्याकडे होती बारावी आणि भाकरी. पण काय ती भाकरी! तव्यावरून निखाऱ्यावर टाकली की टम्म. माझी कडेला फाटायची, आणि आत्याबाई, म्हणजे सासूबाई, ती उचलून उजेडात धरून बघायच्या. बोलायच्या काही नाहीत. बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

माझ्या संशोधनाचा विषय सांगितला की लोक मान हलवून दुसरंच काहीतरी बोलायला लागायचे. लांब लांब बसलेली माणसं एकाच वेळी एकाच कामावर कशी काम करतात, आणि मधला कॉम्प्युटर त्यांना जोडतो की त्यांच्यात भांडणं लावतो, असा तो विषय. तालुक्याच्या सहकारी दूध संघानं त्यासाठी मला गावोगावची दूध केंद्रं दिली. तिथं दुधाचं फॅट मोजायला कॉम्प्युटर होतेच, मी ते एकमेकांना जोडले. एका केंद्रावर कुणी काही लिहिलं की बाकीच्या सगळ्या केंद्रांवर ते लगेच दिसायचं, आणि लिहिणाऱ्याचं नावही शेजारी उमटायचं. याला मी मोठ्या हौसेनं 'सामायिक कार्यफलक' म्हणायचे. संघाचे अध्यक्ष म्हणाले, "ताई, सामायिक तेवढं म्हणू नका. सामायिक विहिरीपायी आमच्यात डोकी फुटलीत." मग सगळेच त्याला बोर्ड म्हणायला लागले.

दुष्काळाचं वर्ष होतं, तेही लागोपाठ दुसरं. साखर कारखान्यांचा पट्टा लवकर पडला, म्हणजे गाळप आटोपलं, आणि ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडं बैलांसकट गावात परत आली. आहे तेवढ्याच कडब्यावर तोंडं वाढली. माझ्या बोर्डाला दोन खाने होते. डावीकडे 'आमच्याकडे आहे' आणि उजवीकडे 'आम्हाला हवं'. ज्या गावाचं नाव उजवीकडे येईल, तिकडे संघाचा वैरणीचा ट्रक नाहीतर पाण्याचा टँकर जायचा. विद्यापीठातले माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते, लोकांनी आपणहून वापरला तर तुमचा प्रबंध झाला, नाहीतर सगळी वर्षं पाण्यात. पाण्यात तरी कुठली, पाणी होतं कुठं?

डावा खाना भराभर भरला. आमच्या विहिरीत अजून हंडा बुडतो, आमच्याकडं गंजीचं बूड शिल्लक हाय, असं सगळं ऐटीत लिहिलेलं. उजवा खाना मात्र कोरा करकरीत. केंद्रावर दूध घालायला येणाऱ्या म्हशीवाल्यांचे चेहरे बघवत नव्हते, आणि बोर्डावर बघावं तर कुणालाच काही नको! ट्रक संघाच्या आवारात उभाच. केंद्रांवर कॉम्प्युटरला बसायच्या त्या बहुतेक गावच्या सुनाच. मी गावोगाव जाऊन त्यांना समजावलं, अगं, आपलं नाव घाला, काय हवं ते लिहा, यात लाज कसली? "व्हय ताई," म्हणायच्या, मला चहा पाजायच्या आणि मी गेले की काही लिहायच्या नाहीत. शेवटी अध्यक्षांनी मला गाठून विचारलं, "कुणालाच काई नको म्हणतेत. मग बोर्ड काय पुजायला ठिवायचा?"

आमच्या गावच्या केंद्रावर थोरल्या बाई बसायच्या. एका बोटानं टाइप करायच्या. पूर्णविराम नावाची वस्तू जगात असते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आवाज मात्र असा खणखणीत, की वस्तीवरच्या म्हशीनं वळून बघावं. इतके दिवस त्या नुसत्या गंमत बघत होत्या.

आणि एका सकाळी बोर्ड उघडला तर उजवा खाना भरलेला! मी अक्षरशः टाळी वाजवली. मग वाचायला लागले. 'खालच्या वाडीला वैरण न्हाई, तिथल्या बाया सांगायच्या न्हाईत, ट्रक धाडा.' 'वरल्या गावचा टँकर आलाच न्हाई, त्यांचं कायतरी बघा.' स्वतःचं कुणीच काही लिहिलं नव्हतं. जिनं तिनं शेजारच्या गावाचं लिहिलेलं.

"हे कुणी सांगितलं यांना?" मी विचारलं.

थोरल्या बाई केंद्राच्या कोपऱ्यात चहा गाळत होत्या. "मीच. फोन केले समद्यींना. अगं, तुह्या त्या खान्यात सोताचं नाव घालून कोन मागंल? शेजारणीचं लिव्हा म्हनलं. शेजारणीसाठी मागाया कावून लाजायचं?"

माझ्या पायाखालची फरशी सरकली. कारण हे मला माहीत होतं! आमच्या गल्लीत कुणाच्या घरी पीठ संपलं, तर ती बाई वाटी घेऊन येते आणि म्हणते, "शेजारणीकडं पाव्हणे आलेत, वाटीभर पीठ आसलं तर बघा." कुठली शेजारीण आणि कसले पाहुणे, हे कुणी विचारत नाही. वाटी शिगोशीग भरून द्यायची आणि वर दोन मिरच्या ठेवायच्या. मी स्वतः कितीदा तरी दिली होती. तरी सुचलं कुणाला? त्यांना!

ट्रक पळायला लागले. टँकर पळायला लागले. आणि दुधाच्या गाडीतून भेटी यायला लागल्या. कुठून चिंच, कुठून घरच्या शेवया, कुठून लोणच्याची बरणी. ड्रायव्हर गाडीतून ओरडायचा, "थोरल्या बाईला द्या हो!" माझ्यासाठी कुणी साधं बोरही पाठवलं नाही. बोर्ड माझा, जोडणी माझी, रेंज गेली की पत्र्यावर चढणारी मी, आणि चिंचा यांना. आत्याबाई तर आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या थोरलीनं कंप्युटर चालू केला." आग लागो त्या कंप्युटरला, असं मनात यायचं.

मग सर आले. आले ते माझा बोर्ड बघायला आणि बसले थोरल्या बाईंपुढं. त्या सांगतायत, हे लिहून घेतायत. दुपारी टम्म भाकरी आणि ठेचा झाला. निघताना सर मला म्हणाले, "अहो, ही तर तुमच्या प्रबंधाची किल्ली आहे. तुमच्या कसं लक्षात आलं नाही?" मी हसले. कशी हसले ते माझं मला माहीत. संध्याकाळी नवरा म्हणाला, "वैनीनं नाव काढलं बरं का."

"मग वैनीच्याच हातचं खा," मी म्हटलं.

"तेच तर खातो," तो म्हणाला.

पुढं पाऊस बरा झाला, विहिरींना पाणी आलं, आणि संघाच्या संचालकांनी ठरवलं की आता दुष्काळ सरला, बोर्डाची गरज नाही, पुढच्या बैठकीत बंद करू. केंद्रावर थोरल्या बाईंसमोरच सरांचा फोन आला. अडचणीत सगळेच जोडले जातात, चांगल्या वर्षात जोडलेले राहतात का, हे बघितल्याशिवाय प्रबंध अर्धाच आहे, काहीही करून एक वर्ष मागून घ्या. मी अध्यक्षांकडं गेले. पावसाचं बोलले, कापसाचं बोलले, त्यांच्या सुनेच्या बाळाचं बोलले. शेवटी म्हटलं, "विद्यापीठाला अजून एक वर्ष बघायचंय."

"मग विद्यापीठानं येऊन सांगावं की," ते म्हणाले.

बाहेर पडून स्टँडवर आले तेव्हा डोक्यात उजेड पडला. गावोगाव बायकांना शिकवत फिरले, आपलं नाव घालून मागा म्हणून, आणि माझी वेळ आली तर मीही शेजारणीचं नाव पुढं केलं होतं. घरी आले. थोरल्या बाईंनी माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, "काय झालं?" "काही नाही," म्हटलं आणि आत गेले. त्यांना सांगण्यापेक्षा प्रबंध बुडाला तरी चालेल, असं तेव्हा खरंच वाटलं.

बैठकीच्या दिवशी मी बोर्ड उघडला, शेवटचा एकदा बघावा म्हणून. उजव्या खान्यात सगळ्यात वर आमच्या केंद्राची ओळ होती, अर्थातच पूर्णविराम नसलेली. 'आमच्या शेजारणीला आजून एक वर्ष बोर्ड पायजे ती सोता मागायची न्हाई लई ताठ हाय समद्यांनी बघा'. तिच्याखाली खालची वाडी. 'आमच्या बी शेजारणीला पायजे.' मग वरलं गाव. 'आमच्या शेजारणीला पन.' अशी एकेका केंद्राची ओळ, थेट खालपर्यंत. संघाच्या कचेरीतही बोर्ड उघडाच असायचा. अध्यक्षांनी म्हणे तो बैठकीत मोठ्यानं वाचला आणि हसून म्हणाले, "हिला लई शेजारणी हायत. ऱ्हाऊ द्या एक वर्ष."

मला आनंद झाला का? झाला, पण मागाहून. आधी पोटात जळलं. मला एक वर्ष मिळालं, तेही यांनी मागून!

थोरल्या बाई केंद्रामागं दुधाचे कॅन धूत होत्या. मी तरातरा गेले. "कावून लिहिलंत?"

"तू मागनार व्हतीस का?"

"मी तुमच्यावर जळते. माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय. समद्या गावाला म्हाईत हाय." त्यांनी कॅन पालथा घातला. "आन मी? तू पिशवी अडकवून यष्टीत बसतीस, तवा मी काय तुही आरती करते? एक शेजारीण व्हती. तिला बी बारावीच्या फुडं शिकायचं व्हतं. तिच्यासाठी कुनीच मागितलं न्हाई."

एवढं त्या इतक्या हळू बोलल्या, की मला पुढं सरकून ऐकावं लागलं. मग त्यांनी दुसरा कॅन ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चुलीपुढं पीठ मळत होत्या आणि आत्याबाई तूर निवडत होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, शेजारच्या एका बाईला कॉलेजात नाव घालायचंय. घरी बसून अभ्यास करील, परीक्षेपुरती जाईल."

थोरल्या बाईंचा हात परातीत थांबला. आत्याबाईंनी मान वर केली नाही. कुठली शेजारीण, हेही विचारलं नाही. निवडलेली तूर सुपाच्या कडेला सारली. मग म्हणाल्या, "घालू दे नाव. पर तिच्या घरी भाकरी कोन थापनार?"

"मी थापीन."

आता मात्र त्यांनी वर बघितलं, आधी माझ्याकडं, मग पिठाकडं. थोरल्या बाई अशा हसल्या, की बाहेर बांधलेली म्हैस दचकली. हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि परात माझ्यापुढं सरकवली. मी थापली. कडेला फाटली. आत्याबाईंनी ती उचलली, उजेडात धरून बघितली आणि काही न बोलता दुरडीत ठेवली. थोरल्या बाई पहिल्या वर्गात पास होणार, हे मला तेव्हाच दिसलं, आणि पोटात परत जळायला लागलं.