कात्रणाची मागची बाजू

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय.

घाटकोपरची जुनी खोली आवरताना बाबांच्या डब्यात पेपरचं कात्रण सापडलं. रंगीत टीव्हीची जाहिरात. लेक हसली, "आजोबांना टीव्ही हवा होता वाटतं!"

मी कात्रण उलटं केलं. मागे चार ओळींची बातमी होती: गिरण्यांचा संप संपल्यात जमा.

त्र्याऐंशी साल आठवलं. बाबा गिरणी कामगार, वर्षभर संपावर. ही बातमी वाचून आईला म्हणाले होते, "अगो, संप अजून चालू आसा. पेपरात संपलो पण?"

लेकीवर कशाला चिडू? आजच्या त्याच पेपरात बाबांच्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या टॉवरची पानभर जाहिरात आहे. त्या कामगारांवर चार ओळी तरी कुठे सापडल्या का तुम्हाला?