इंदूमावशींनी एकदाच नाव सांगितलं

इंदूमावशी माझ्याशी वर्षानुवर्षं धडधडीत खोटं बोलल्या.

आज सकाळी त्या गेल्या.

मी फिजिओ. दादरच्या एका वृद्धाश्रमात बॅलन्सचं स्क्रीनिंग करायला जाते. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, दारापर्यंत चालायचं, वळून परत यायचं. मग माझा ठरलेला प्रश्न.

"मध्ये कुठे पडलात का?"

"छे गो बाय!"

अख्खा वरचा मजला एका सुरात. कोपर हिरवंनिळं झालेलं, तरी छे!

कारण जो पडतो, त्याला ग्राउंड फ्लोअरला हलवतात, नर्सच्या नजरेसमोर. वरच्यांना वाटायचं, खाली गेलं की संपलं. गॅलरी गेली, संध्याकाळच्या गप्पा गेल्या.

या कटाच्या सूत्रधार आमच्या मावशी. लालबागच्या चाळीत वाढलेल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी शाळकरी पोर. लाठीमार झाला की मोर्चातली माणसं पळत चाळीत शिरायची, मागून पोलीस. कोण आलं इथे? सगळ्या बिऱ्हाडांचं एकच उत्तर, आम्ही नाय बघितलं. एकदा तर खाटेखाली माणूस लपलेला आणि मावशी वर बसून तांदूळ निवडतायत!

"पोलिसांना नाव नाय सांगितलं मी. तुला काय सांगतेय!"

कप्पाळ माझं.

त्यांच्या रूममेट सुमनताई. गिरगावच्या, रिटायर्ड शिक्षिका, साडीला कायम इस्त्री. दोघी रोज कडाकडा भांडायच्या आणि एकमेकींशिवाय चहा घ्यायच्या नाहीत.

गेल्या वर्षी टेस्टमध्ये सुमनताई दारापाशी वळल्या आणि तोल सावरायला त्यांचा हात पटकन पडद्याकडे गेला.

"ताई, पडलात का मध्ये?"

"नाही."

"पडली." खाटेवरून मावशी बोलल्या. "मोरीत पडली. मीच उचलली. त्याच्या आधी पण पडलीय."

सुमनताई बघतच राहिल्या. "इंदू, तू?"

मावशींच्या डोळ्यांना धार लागली. "तेव्हा बोलले असते तर तो माणूस गेला असता. आता गप्प बसले तर तू जाशील गो."

सुमनताईंना खाली हलवलं. त्यांनी मावशींशी बोलणं टाकलं.

पुढच्या वेळी मावशी माझ्यासमोर खुर्चीतून ताठ उठल्या आणि धप्पकन परत बसल्या.

"पडले. लिही."

"मावशी, याला बसणं म्हणतात."

"मग खाली जायला काय करूचा आसा?"

मला हसू आवरेना, आणि रडूही. सरळ ऑफिसात जाऊन सांगितलं, ह्या ठणठणीत आहेत, पण मैत्रिणीशेजारचा बेड द्या. दिला त्यांनी.

सुमनताई बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मावशी शेजारी बसून एकट्याच भांडायच्या. "वॉकर घे गो. मिरवायला दिलाय काय?"

मग एका संध्याकाळी दोघींचा चहा एकत्र आला. सुमनताईंनीच मागवलेला.

फार चांगली मैत्री बघितली मी, जवळून. माझं भाग्य.

आज सकाळी सुमनताई वॉकर घेऊन स्वतः चालत मावशींच्या बेडपाशी आल्या. कोणाचा हात घेतला नाही. मावशींच्या केसांवरून हात फिरवला.

"इंदू, खाली आल्यापासून एकदाही पडले नाही हं मी."

मी काही विचारलं नव्हतं. पण हे खरं आहे, मला माहीत आहे.

मावशी, सावकाश जा. कठडा धरून.