नाकारलेली ओटी

देवळातसुद्धा माझा जळफळाट थांबत नव्हता, हे आधीच कबूल करते. थोरल्या जावेला, आमच्या अक्कांना, दोन गोजिरी मुलं. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली तरी कूस रिकामीच. त्यात हृदयाची झडप गळतेय असं निघालं. इको बघून डॉक्टर म्हणाले, झडप बदलावी लागेल, मग रक्त पातळ करायच्या गोळ्या जन्मभर, आणि मूल होऊ देणं जोखमीचं. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी अक्कांनी मला अंबाबाईला नेलं. देवीची ओटी भरली आणि प्रसादाचा नारळ-खण माझ्या पदरात घालायला पुढं आल्या. मी पदर मागं घेतला. म्हणाले, "तुमचं उष्टं नशीब नको मला." आणि एकटीच रिक्षा करून उचगावला घरी आले.

अक्का उशिरा आल्या, डोळे सुजलेले. त्या देवळाच्या पायरीवर रडत बसल्या होत्या, तेव्हा जयसिंगपूरच्या एका अनोळखी बाईनं विचारलं होतं, "का रडतायसा ओ?" त्या बाईलाही हाच आजार झालेला. नव्या तपासणीनंतर तिची झडप बदलायच्या ऐवजी दुरुस्त केली होती.

"थ्रीडी इको म्हणत्यात त्याला. पत्ता घेतलाय की. न्हाय म्हणू नगंस," अक्का म्हणाल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात आलं, ती बाई हिलाच का भेटली? आजारी मी, उपास माझे, आणि देवी कौल देणार हिला.

तरी अक्कांबरोबर गेले. आधीच्या इकोत नुसत्या करड्या रेघा दिसल्या होत्या. इथं डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचं चित्र फिरवलं आणि माझी झडप वरून डोकावून बघावी तशी अख्खी दिसली, उघडत, मिटत. "एवढ्याच जागी पाकळी सैल आहे," त्या म्हणाल्या. "शिवता येईल. बदलायला नको."

"आणि मूल?" अक्कांनीच विचारलं.

"बरी झाली की बघू. आशा सोडू नका."

यंत्र माणसानं केलंय, ठाऊक आहे मला. पण मी ओटी लाथाडली, आणि त्याच ओटीपायी रडणारीनं मला त्या यंत्रापर्यंत नेलं. इतकी वर्षं मी देवीपुढं अक्कांच्या सुखाकडं बघत उभी होते.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. अक्कांची मुलं शाळेतून धावत आली की अजून पोटात तुटतं. तेही आता देवीच्या पायाशी ठेवलंय. तपासणीच्या दिवशी घरी आले तर नारळ आणि खण अक्कांनी देव्हाऱ्यात तसेच जपलेले. मी त्यांच्यासमोर पदर पसरला.

"आता मागं घिऊ नगंस," त्या म्हणाल्या, आणि ओटी भरली.