डाव्या बाजूची कळी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. देवाची राई तुटली ती माझ्या एका बोटामुळे.

पिंपरीत कारखान्यांवर नुकते पत्रे चढत होते, तेव्हाची गोष्ट. मी चाकणला लाकूड-कोळशाच्या वखारीत कारकून होतो. शेठने भीमाशंकरच्या अलीकडची एक दाट राई हेरली. गाव म्हणालं, देवाने कौल दिला तरच तोड. म्हणजे देवाच्या दगडाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या; उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरव म्हातारा, हात कापत होते. डावी कळी लावायला त्याने मलाच पुढे केलं. परका माणूस, कुणाच्या बाजूचा नाही, असं त्याला वाटलं असावं. माझ्या बोटाला वखारीतला, पाकिटं चिकटवायचा डिंक होता. चुकून लागलेला नव्हता.

उजवी पडली. महिन्याभरात राईत कोळशाच्या भट्ट्या धुमसू लागल्या.

भट्ट्या पेटल्यावर आठवड्याने गुरव चालत वखारीत आला. बाकावर बसला, पाणी प्याला, माझ्या टेबलावरच्या डिंकाच्या बाटलीकडे पाहत राहिला.

"साहेब, डावी कळी वाळून खडंग झाली, पर अजून पडंना. देव इतकं घट्ट धरतो व्हय?"

मी म्हणालो, मला काय ठाऊक, देव तुमचा.

तो उठून गेला. तेव्हापासून ती बाटली मी खणात ठेवू लागलो.

दोन पावसाळ्यांत उताराची माती ओढ्यात गेली. राईतला झरा माघातच आटू लागला. बाया खालच्या गावाच्या विहिरीवर जात, तिथे बोलणी खात. तरणी माणसं पिंपरीला बिगारीवर गेली. त्यातला एक मला कारखान्याच्या फाटकाशी भेटला. गावात कोण कुणावर विश्वास ठेवत नाही, म्हणाला. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे.

"गुरवानंच कौल इकला. त्याच्या हातचा परसाद आता कुत्रंबी खात न्हाई."

मी मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

गुरव अजून आहे. डोळ्यांनी दिसत नाही, तरी एकटाच पूजा करतो, असं ऐकतो. त्या देवळापुढे उभं राहून, गाव जमवून, त्याच्यासमक्ष, डिंक माझा होता हे सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.