सेक्रेटरींचे भाचे

गल्लीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. सेक्रेटरी म्हटलं की पुरे. गोदामाच्या कचेरीत ते चार कारकुनांतले एक कारकून होते आणि तिथे ते नुसते खोकले तरी साहेब कपाळाला आठ्या घालत. पण रहिवासी समितीत त्यांच्या सहीशिवाय पान हलत नव्हतं. निदान त्यांचा तसा समज होता. घरात मात्र त्यांचा एकही ठराव आजवर मंजूर झालेला नव्हता.

गाव तळ्याकाठचं. पूर्वी लोक तळं बघून संध्याकाळच्या गाडीने परत जात. मग ते राहू लागले. एकेका घरातलं बिऱ्हाड हललं, दाराशी आकडे जुळवून उघडायची किल्लीची पेटी लागली आणि गल्लीत चाकांच्या बॅगांचा खडखडाट सुरू झाला. आता समोरच्या बंगल्याची पाळी होती. बंगलेवाले स्वतः शहरात राहत. तळमजल्यावर दवाखान्यातल्या नर्सबाई आणि त्यांची आई भाड्याने राहत होत्या. हंगामाच्या आत जागा सोडा, असं बंगलेवाल्यांनी त्यांना सांगून टाकलं.

पालिकेने अंग काढून घेतलं होतं. प्रत्येक गल्लीने आपापला नियम ठरवावा, आम्ही तो लागू करू, एवढंच तिचं म्हणणं.

नर्सबाई सेक्रेटरींच्या ओट्यावर येऊन म्हणाल्या, "सेक्रेटरी, पडदेसुद्धा काढून ठेवलेत. आई रोज विचारते, कुठे जायचं? गावात एक खोली मिळेना. सगळीकडे पर्यटक."

"मी बसलोय ना!" सेक्रेटरी म्हणाले. बसण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, हे खरंच होतं.

अडचण एकच होती आणि ती त्यांच्याच माडीवर होती. लेक सासरी गेल्यावर बायकोने तिची खोली पर्यटकांना द्यायला सुरुवात केली होती.

"लोक काय म्हणतील?" सेक्रेटरींनी तेव्हा विचारलं होतं.

"मग काय, उंदरांना देऊ खोली? लोकांना सांगा, पाहुणे आहेत."

तेव्हापासून सेक्रेटरी प्रत्येक पर्यटकाला दारातच पढवत. मला मामा म्हणायचं, हिला मामी. बाहेर कोणी विचारलं तर भाचा. पर्यटकांना हा इथला रिवाज वाटे आणि ते हौसेने मामा-मामी करत. नवरा-बायको दोघंही भाचे कसे, हा प्रश्न एकदा उभा राहिला होता. सेक्रेटरींनी तो पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवला.

त्यामुळे ठराव लिहिताना त्यांचा हात एका ठिकाणी अडखळला. 'गल्लीतील कोणतेही घर पर्यटकांना दिवसावारी देऊ नये,' इथपर्यंत झकास झालं. मग त्यांनी माडीकडे एकदा पाहिलं आणि पुढे जोडलं, 'नातेवाईक वगळून.' किती बेमालूम जमलं, म्हणून स्वतःवर खूशही झाले.

रविवारी सकाळी व्यायामशाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. सेक्रेटरींनी खड्या आवाजात ठराव वाचला. विरोध होणार म्हणून त्यांनी उत्तरं पाठ करून आणली होती. पण सगळ्यांत आधी हात वर केला तो शहरातून खास आलेल्या बंगलेवाल्यांनी. पाठोपाठ साऱ्या हॉलचे हात वर. आपल्या वक्तृत्वाची ही ताकद पाहून सेक्रेटरींचा ऊर भरून आला.

"वा, सेक्रेटरी," बंगलेवाले म्हणाले. "इतका सोयीचा नियम कोणी केला नसता. आमच्याही तळमजल्यावर आता भाचेच उतरतील."

"तुमचे भाचे?"

"का? तुम्ही एकुलते एक, तरी माडीवर आठवड्याला नवा भाचा. मला तर तीन बहिणी आहेत!"

हॉल हसून लोटपोट. गल्लीला सगळं पहिल्या भाच्यापासून ठाऊक होतं. ठाऊक नाही असं फक्त सेक्रेटरींना वाटत होतं. तेवढ्यात दारातून एक ओल्या केसांचा तरुण डोकावला. "मामा, गीझर बंद पडलाय. मामी कुठंयत?"

आता तर खुर्च्याही हसू लागल्या. हसत नव्हत्या त्या एकट्या नर्सबाई. भाडेकरू म्हणून त्यांना हात वर करायचाही हक्क नव्हता. त्या पिशवी उचलून निघाल्या.

"बाई, थांबा," सेक्रेटरी म्हणाले. "अजून मोजणी झालेली नाही. ठराव माझा आहे, मी दुरुस्ती मांडतो. नातेवाईक काढून टाका. ती ओळ माझ्या माडीसाठी होती आणि मी गाढव आहे, हे सभेने आत्ताच एकमताने मंजूर केलंय. मालक ज्या घरात स्वतः राहतो, तिथलीच एक खोली देता येईल. तीही उघड, दारावर पाटी लावून. बाकी घरं राहणाऱ्यांना."

"हा माझ्यावर नेम आहे!" बंगलेवाले उसळले.

"हो. आधी माझ्या पायावर होता."

मग मागच्या रांगेतून एक हात वर आला. सेक्रेटरींनी चष्मा सावरून पाहिलं. बायको होती. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या ठरावाला मिळालेलं ते पहिलं मत. मग वरच्या खोल्यांत 'मावसभाऊ' आणि 'आतेबहिणी' ठेवणारे एकेक जण हात वर करू लागले. खोटी नाती सांभाळून तेही थकले असावेत.

बाहेर पडताना बायको म्हणाली, "गाढव म्हणायला सभा कशाला हवी होती? मी घरीच सांगितलं असतं."

पुढच्या रविवारी सेक्रेटरी स्टुलावर चढून दारावर पाटी ठोकत होते. खडखडत एक बॅग आली आणि मागून आवाज, "नमस्कार मामा!" नव्या पाहुण्याला जुन्याने पढवून पाठवलं होतं.

"मी तुमचा कोणी लागत नाही," सेक्रेटरी दोन खिळे तोंडात धरून म्हणाले. "बूट बाहेर काढा. गीझर दुरुस्त झालाय."

समोर नर्सबाई खिडकीला पडदे लावत होत्या. त्यांनी हात थांबवून रस्त्यापलीकडून हाक मारली, "सेक्रेटरी, पाटी वाकडी बसलीय!"

वाकडी होती खरी. सेक्रेटरींनी मुकाट्याने खिळा उपसला.