नणंदांच्या बोलीची यादी

मुकुटबनच्या विमलताईंना कोणी गरीब गाय समजत असेल, तर खुशाल समजो. मी त्यांची शेजारीण. यंदाच्या महालक्ष्म्यांना त्यांच्याकडे सवाष्ण म्हणून जेवायला होते आणि जे पाहिलं, त्याने मन तृप्त झालं.

त्यांच्या दोन नणंदा, बेबीताई आणि छबूताई. लहानपणी कापूस वेचता वेचता दोघींनी स्वतःची एक बोली काढली. सुनेला ‘गोंडूर’, रडण्याला ‘झिमरी’, अशी हजार नावं. केस पिकले तरी ती बोली सुटली नाही. माहेरी आल्या की भावजयीच्या तोंडासमोर तिचीच उणीदुणी काढायच्या आणि खिदळायच्या. विमलताई पोळ्या लाटत कसनुसं हसायच्या.

त्यांचं पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हा या दोघी भेटायला आल्या आणि खाटेजवळ बसून त्याच बोलीत कुजबुजल्या. पुढे एकेक शब्द उलगडला, तेव्हा विमलताईंना कळलं की त्या दिवशी भावासाठी दुसरी पोरगी पाहायचं चाललं होतं. ओल्या बाळंतिणीच्या उशाशी! ऐकून माझंच डोकं फिरलं.  विमलताई मात्र जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर शब्द टिपत राहिल्या.

यंदा त्यांच्या रजतचं लग्न झालं, खुशी सून म्हणून आली. “मी बसली तशी माह्या पोरीले बसू देनार नाही,” विमलताई मला म्हणाल्या. खुशीकडून त्यांनी सगळे शब्द मोबाइलवर उतरवून घेतले, नात्यातल्या सुनांचा ग्रुप केला आणि त्यावर यादी टाकली. बेबीताईंची सून निकिताही त्यात होती. विमलताई सोडल्या तर सासू एकही नव्हती. पोरींनी परीक्षा असल्यासारखी घोकंपट्टी केली.

दिवसही विमलताईंनी विचार करून निवडला. त्यांच्या घरी महालक्ष्मीच्या पानावरून कोणी अर्धवट उठत नाही, आणि पानात काही टाकत नाही. काहीही ऐकावं लागलं तरी जेवण संपेपर्यंत बसायचं.

पंगत बसली. आंबील वाढणाऱ्या खुशीकडे पाहून बेबीताई बहिणीला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. खुशीने अस्सल त्याच बोलीत उत्तर दिलं, “नाक चपटं हाये आत्याबाई, पन वास बराबर येते.”

हा अर्थ मला विमलताईंनी कानात सांगितला. सगळ्या सुना फिस्सकन हसल्या. छबूताईंचा घास हातातच राहिला.

मग निकिता बोलली. आधी त्या बोलीत, मग सगळ्यांना कळावं म्हणून साध्या भाषेत. “आई, तुमी फोनवर मावशीले सांगता का मी खादाड हावो, माह्या माहेरचे भिकारी हायेत. मी बाजूलेच बसून असतो ना.”

कोणी हसलं नाही. बेबीताईंचा चेहरा पांढराफटक पडला. उठता येईना, घास गिळवेना. डोळ्यांतलं पाणी आंबिलीत पडलं. मला दया आली का? अजिबात नाही.

“विमल,” त्या कशाबशा म्हणाल्या, “बस कर आता. काहून असं करून राह्यली?”

विमलताईंनी त्यांच्या वाटीत काठोकाठ आंबील ओतली.

“मी काय केलं, बाई? मले तर तुमची बोली येतच नाही.”